नाव एक, संशोधक दोन

प्रश्न : माझ्याच नावाच्या दुसऱ्या संशोधकाचे लेख माझ्या गूगल स्कॉलर (संशोधन लेख शोधण्याची गूगलची सेवा) पानावर दिसतात. शिवाय विद्यापीठ सोडताच तिथला ईमेल बंद होईल. काय करावे?

उत्तर : परके लेख काढून टाका आणि नवे लेख आपोआप न जोडता आधी तुम्हाला विचारले जावे, असा पर्याय सेटिंगमध्ये निवडा, न लिहिलेल्या लेखांचे श्रेय चुकूनही अंगावर राहू देऊ नये. ऑर्किड (ORCID) हा प्रत्येक संशोधकाची वेगळी ओळख सांगणारा, २०१२ पासून मोफत मिळणारा १६ अंकी क्रमांक आडनाव वा संस्था बदलली तरी तोच राहतो. (शेवटी कधी ‘एक्स’ येतो, ती छपाईची चूक नव्हे.) मात्र विद्यापीठाचा ईमेल चालू असतानाच ऑर्किडच्या खात्यात खासगी ईमेल जोडा, कारण पासवर्ड विसरल्यास तो बदलण्याची लिंक बंद पडलेल्या पत्त्यावर जाऊन उपयोग नाही.