दर महिन्याला कायरोप्रॅक्टरकडे जावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: धावायला लागून काही महिने झालेत, सकाळी उठल्यावर कंबर आखडलेली असते आणि ग्रुपमधल्या एकाचं म्हणणं आहे की महिन्यातून एकदा कायरोप्रॅक्टरकडे (हाताने झटका देऊन मणक्यांवर उपचार करणाऱ्याकडे) जाऊन मणके 'बसवून' घेतले की हालचाल मोकळी होते, दुखापतीही टळतात. यातलं हालचाल मोकळी होण्याचं बरंचसं खरं आहे. दुखापती टळण्यासाठी मात्र तिथे पैसे घालू नका.

आधी मणके बसवताना येणाऱ्या त्या 'कट्ट' आवाजाबद्दल. तुम्हाला कुशीवर झोपवतात, वरचा गुडघा दुमडून पुढे घेतात, एक हात खांद्यावर, दुसरा कमरेवर. सांधा सहज जाईल तिथवर नेतात आणि मग छोटासा, चटकन एक झटका. सांध्याच्या दोन बाजू क्षणभर लांब होतात, आतल्या द्रवातला दाब उतरतो आणि वायूची पोकळी तयार होते. २०१५ मध्ये संशोधकांनी बोटाचा सांधा मोडताना एमआरआयने हे प्रत्यक्ष टिपलं. तोच सांधा लगेच परत वाजत नाही, साधारण २० मिनिटं जावी लागतात. थोडक्यात, तो आवाज हाड जागेवर बसल्याचा नाही, आणि आवाज आला नाही म्हणून उपचार वाया गेला असंही नाही.

'मणका सरकलाय' हे पालुपद या पद्धतीच्या जन्मापासूनचं. डी. डी. पामर यांनी १८९५ मध्ये अमेरिकेतल्या डॅव्हनपोर्टमध्ये ती सुरू केली, तेव्हा बहुतेक आजारांचं मूळ सरकलेल्या मणक्यांत आहे असा त्यांचा दावा होता. त्याला आधार मिळालेला नाही आणि आजचे बरेच कायरोप्रॅक्टर स्वतःच तसं बोलत नाहीत. जो अजूनही बोलतो, त्याच्याकडून उठून यावं.

दुखत असेल तर गोष्ट वेगळी. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संघटनेच्या २०१७ च्या सूचनांमध्ये कंबरदुखीसाठी मणक्यांना झटका देण्याचा हा पर्याय दिलेला आहे. ब्रिटनच्या 'नाइस' या उपचारांच्या शिफारशी करणाऱ्या संस्थेने २०१६ मध्ये तो मान्य केला, पण व्यायामाच्या जोडीनेच, एकटा नाही. मला तीच अट रास्त वाटते. झटक्यानंतर दुखणं कमी होतं, वाकणं-वळणं सुटतं, पण हा सैलपणा फार टिकत नाही. त्या मोकळ्या वेळात तुम्ही काय करता यावर सगळं आहे. घरी येऊन पुन्हा खुर्चीत बसलात तर कंबर परत होती तशी.

दुखापती टाळण्याचा पुरावा दुसरीकडेच आहे. २०१४ मध्ये २५ चाचण्या आणि २६ हजारांहून जास्त सहभागी एकत्र घेऊन एक आढावा निघाला. ताकदीच्या व्यायामाने खेळातल्या दुखापती एक तृतीयांशाच्याही खाली आल्या, नुसत्या स्ट्रेचिंगने काहीच फरक पडला नाही. (स्ट्रेचिंगवाल्यांना हे अजून पचलेलं नाही!) फुटबॉलमध्ये 'फिफा ११ प्लस' हा वॉर्मअप आणि मांडीच्या मागच्या स्नायूसाठी नॉर्डिक हॅमस्ट्रिंग हेही असेच पारखून घेतलेले प्रकार. आणि तुमच्यासारख्या नव्या धावपटूचं बहुतेक वेळा बिनसतं ते अंतर एकदम वाढवल्याने. त्यावर कुठलाच झटका चालत नाही.

तरी जायचंच असेल तर आधी घरी मोजमाप घ्या. भिंतीसमोर अनवाणी उभे राहा, पायाचा अंगठा भिंतीपासून १० सेंटीमीटरवर. टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकतो का बघा, दोन्ही पायांनी. मग गुडघे सरळ ठेवून खाली वाका, बोटं कुठवर पोचतात ते लक्षात ठेवा. उपचारानंतर लगेच आणि आठवड्याने तेच परत. आठवड्यात मिळालेलं सगळं गेलं, तर कमी पडतेय ती ताकद. पोटरीसाठी एका पायावर सावकाश टाच उचलणं, नितंबांसाठी ब्रिज (पाठीवर झोपून कंबर वर उचलणं) आणि हलक्या वजनाचं डेडलिफ्ट (वाकून जमिनीवरचं वजन उचलत उभं राहणं), आठवड्यातून दोनदा. कंटाळवाणं आहे, पण उपयोगी पडतं ते हेच.

पहिल्याच भेटीत काही न तपासता ढीगभर सेशनचं पॅकेज पुढे केलं, तर नाही म्हणा. मानेला झटका देऊन घेऊ नका असं मी स्पष्ट सांगेन. मानेतली रक्तवाहिनी फाटून पक्षाघात झाल्याची उदाहरणं आहेत. क्वचित, पण आहेत, आणि तुमचं दुखणं तर कमरेचं. हाडं ठिसूळ असतील किंवा रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. कंबरदुखीसोबत ताप, रात्री झोपेतून उठवणारी वेदना किंवा कॅन्सरचा पूर्वेतिहास असेल तरीही आधी डॉक्टरच. आणि पायातली शक्ती जाऊ लागली, जांघेत बधिरपणा आला किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटू लागला, तर कायरोप्रॅक्टर, फिजिओ सगळं बाजूला ठेवून त्याच तासाला हॉस्पिटल गाठा.