पोटातली चरबी आधी उतरते, मांड्यांवरची मागे राहते, ती का?

तुम्ही लिहिले आहे की चार महिन्यांत तुमचे वजन सहा किलोंनी उतरले, कमरेचे कपडे सैल झाले, पण मांड्या आणि नितंब जवळजवळ होते तसेच आहेत. याउलट तुमच्या यजमानांनी तुमच्याइतका नेम न पाळताही याच काळात पोट चांगलेच कमी केले. यावरून तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. शरीरातली काही चरबी मुळातच लवकर जाणारी आणि काही चिवट असते का, आणि मांड्यांसाठी वेगळा व्यायाम किंवा मालिश करून उपयोग होईल का? पहिल्याचे उत्तर होय असे आहे आणि दुसऱ्याचे नाही. तरीही मी सविस्तर लिहीत आहे. सर्वांत अपायकारक चरबी तुलनेने लवकर उतरते आणि जी शेवटपर्यंत रेंगाळते ती बहुधा सर्वांत निरुपद्रवी असते. हे ठाऊक नसल्यामुळे नेमके यश मिळत असतानाच प्रयत्न सोडून देणाऱ्या अनेक स्त्रिया मी आमच्या सकाळच्या व्यायामवर्गात पाहिल्या आहेत.

चरबी कुठे साठली आहे, यावर तिचे वागणे ठरते. दंड, मांड्या, नितंब आणि पोटाची बाहेरची बाजू येथे त्वचेखाली जी चरबी असते ती चिमटीत धरता येते. पोटाच्या स्नायूंच्या आत असलेली चरबी चिमटीत येत नाही. तिचा काही भाग आतड्यांवर पदरासारखा पसरलेला असतो, तर काही आतड्यांना आधार देणाऱ्या पडद्यांमध्ये असतो. पुढे आलेले, पण हाताला घट्ट लागणारे पोट, ज्यात चिमटीत फारसे काही येत नाही, अशा पोटात या आतल्या चरबीचा वाटा मोठा असतो. पुरुषांमध्ये असे पोट अधिक दिसते, कारण त्यांच्या एकूण चरबीपैकी साधारण १० ते २० टक्के चरबी आत असते, तर स्त्रियांमध्ये हेच प्रमाण ५ ते ८ टक्के असते. याशिवाय यकृतात, स्वादुपिंडात आणि स्नायूंमध्येही चरबी साचू शकते. तिचे वजन थोडे असले तरी तिचा उपद्रव मोठा असतो.

आता चिवटपणाचे कारण पाहू. चरबीच्या पेशीतला साठा बाहेर पडण्यासाठी तिला रक्तातून संदेश मिळावा लागतो. उपाशी असताना किंवा व्यायाम करताना अॅड्रिनॅलिनसारखी संप्रेरके हा संदेश देतात, आणि जेवणानंतर वाढणारे इन्सुलिन उलट साठा बंद ठेवायला सांगते. पेशीच्या पृष्ठभागावर अॅड्रिनॅलिनचा संदेश घेणारे रिसेप्टर असतात आणि त्यांत दोन तऱ्हा आहेत. बीटा प्रकारचे रिसेप्टर साठा मोकळा करतात, तर अल्फा-२ प्रकारचे तो अडवतात. पोटातल्या पेशींवर बीटा रिसेप्टरांचा प्रभाव जास्त असतो आणि इन्सुलिनचा आवर घालणारा हुकूम त्या कमी मानतात. मांड्या आणि नितंबांवरच्या पेशींमध्ये, विशेषतः स्त्रियांच्या, अल्फा-२ रिसेप्टरांचे पारडे जड असते आणि तिथला रक्तप्रवाहही मंद असतो. म्हणून तुम्ही आणि तुमचे यजमान रोज बरोबरीने चालायला गेलात, तरी त्यांच्या पोटातली चरबी त्या संदेशाला पटकन प्रतिसाद देते आणि तुमच्या मांड्यांची उशिरा देते. यात तुमच्या नेमाचा किंवा इच्छाशक्तीचा काही दोष नाही.

स्त्रीच्या शरीराने हा साठा जपून ठेवण्यामागे अर्थ आहे. बाळ अंगावर पीत असण्याच्या काळात मांड्यांवरच्या चरबीचे वागणे बदलते आणि एरवी घट्ट बसलेली ही चरबी तुलनेने सहज मोकळी होते, हे तपासून पाहिले गेले आहे. रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक घटते आणि नवी चरबी मांड्यांऐवजी पोटाकडे साठू लागते. पन्नाशीतल्या अनेक स्त्रिया ‘वजन तेवढेच आहे, पण पोट सुटले’ असे सांगतात, ते त्यामुळे. चरबीच्या या दोन ठेवणींतला फरक नुसत्या दिसण्याचा नसून आजारांशी जोडलेला आहे, हे फ्रान्समधील डॉ. जाँ व्हाग यांनी १९४७ सालीच मांडले होते.

पोटातली चरबी अपायकारक का, याचे एक कारण रक्ताच्या वाटेत आहे. आतड्यांकडून येणारे रक्त एका मोठ्या शिरेने आधी यकृतात जाते आणि आतड्यांभोवतीच्या चरबीतून सुटलेली मेदाम्लेही (चरबीचे सुटे घटक) त्याच शिरेने थेट यकृतात पोहोचतात. जी चरबी सहज मोकळी होते तीच सतत यकृतावर येऊन आदळते, असा हा प्रकार आहे. त्यातून यकृतात चरबी साचते, इन्सुलिनचा परिणाम कमी होतो, रक्तातली साखर आणि ट्रायग्लिसराइड (रक्तातल्या मेदाचा एक प्रकार) वाढू लागतात. मांड्यांवरची चरबी मात्र जेवणानंतरची मेदाम्ले स्वतःकडे घेऊन धरून ठेवते, आणि कमरेच्या मानाने मांड्या व नितंब भरलेले असणाऱ्यांना मधुमेह आणि हृदयविकाराचा धोका कमी असल्याचे दिसते.

याचा एक लख्ख पुरावा अमेरिकेतील सेंट लुइस येथील वॉशिंग्टन विद्यापीठातून २००४ साली पुढे आला. तिथे १५ लठ्ठ स्त्रियांच्या पोटाच्या त्वचेखालून लायपोसक्शनने, म्हणजे नळीने चरबी शोषून काढण्याच्या शस्त्रक्रियेने, सुमारे १० किलो चरबी काढली गेली आणि १० ते १२ आठवड्यांनी त्यांच्या तपासण्या झाल्या. इन्सुलिनचा परिणाम सुधारला नव्हता, रक्तदाब आणि रक्तातल्या मेदाचे प्रमाणही होते तसेच होते. आहार आणि व्यायामाने याहून कितीतरी कमी वजन उतरले तरी या गोष्टी सुधारतात, कारण तेव्हा पोटातली आणि यकृतातली चरबीही कमी होते.

येथे एक बारकावा सांगायला हवा, कारण त्यावरून नेहमी गैरसमज होतो. ‘पोटातली चरबी आधी जाते’ म्हणजे किलोंच्या हिशेबात ती जास्त जाते असे नाही. तुमचे जे सहा किलो उतरले, त्यातली बहुतांश चरबी त्वचेखालचीच असणार, कारण मुळात साठाच तिथे मोठा आहे. पण आपापल्या साठ्याच्या प्रमाणात पाहिले तर आतल्या चरबीचा मोठा हिस्सा लवकर संपतो, आणि हा फरक सुरुवातीच्या थोड्या वजनघटीत सर्वांत ठळक असतो. वजन पुष्कळ उतरल्यावर तो कमी होत जातो. म्हणूनच पहिल्या चार-पाच किलोंचे मोल आरशात दिसते त्यापेक्षा बरेच जास्त असते.

यकृतातली चरबी तर याहूनही लवकर हलते. इंग्लंडमधील न्यूकॅसल विद्यापीठाच्या डॉ. रॉय टेलर यांच्या २०११ सालच्या अभ्यासात टाइप २ मधुमेहाच्या रुग्णांना दिवसाला सुमारे ६०० कॅलरींचा आहार दिला गेला. पहिल्या सात दिवसांतच त्यांच्या यकृतातली चरबी सुमारे ३० टक्क्यांनी घटली आणि उपाशीपोटीची साखर सामान्य पातळीवर आली. इतका तुटपुंजा आहार डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय, विशेषतः मधुमेहाच्या गोळ्या चालू असताना, कोणीही घेऊ नये. हे उदाहरण मी एवढ्यासाठी दिले की सोनोग्राफीच्या अहवालात ‘फॅटी लिव्हर’, म्हणजे यकृतात चरबी साचलेली, असे वाचून पुष्कळ जण हताश होतात, आणि प्रत्यक्षात सुरुवातीच्या अवस्थेत त्याइतकी लवकर सुधारणारी गोष्ट क्वचितच असते.

आपल्या लोकांसाठी हा विषय आणखी जवळचा आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच एकत्र छायाचित्र प्रसिद्ध केले होते. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती हे सांगणारा आकडा, अगदी सारखा, २२.३ होता. शरीरातली चरबी मोजली तेव्हा डॉ. युडकिन यांच्यात ती ९.१ टक्के भरली आणि डॉ. याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के. पुण्याजवळच्या सहा गावांत डॉ. याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून केलेल्या अभ्यासात तर असे दिसले की आपली बाळे इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा वजनाने बरीच कमी असूनही त्यांच्या पाठीवरची चरबी त्या मानाने टिकून असते, कमी असतात ते स्नायू. हातपाय काटकुळे आणि पोट तेवढे पुढे, ही आपल्याकडे घरोघरी दिसणारी ठेवण तरुणपणी निरुपद्रवी वाटते, पण काट्यावरचे वजन ‘योग्य’ असतानाच साखर वाढलेली आढळते ती अशाच माणसांमध्ये.

म्हणून भारतीयांसाठी कमरेचा घेर महत्त्वाचा धरला जातो आणि त्याची मर्यादा पुरुषांना ९० सेंटिमीटर व स्त्रियांना ८० सेंटिमीटर अशी आहे. मात्र माप नीट घ्यायला हवे. वर्गात मी पाहते, बहुतेक जण पँट जिथे बांधतात तिथे टेप लावतात आणि नकळत पोट आत घेतात. सर्वांत खालची बरगडी आणि कमरेच्या हाडाची वरची कड दोन्ही बाजूंनी बोटांनी चाचपावी, त्यांच्या बरोबर मध्यावर टेप जमिनीला समांतर, त्वचेला टेकेल पण रुतणार नाही असा धरावा, आणि सहज श्वास सोडल्यानंतर आकडा वाचावा. सकाळी नाश्त्यापूर्वी, कपड्यावरून न घेता, पंधरा दिवसांतून एकदा माप घेतले तर पुरे. रोज मोजल्याने फक्त चिंता वाढते.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळते. एका जागेचा व्यायाम करून त्या जागेची चरबी काढता येत नाही, कारण स्नायूंना लागणारे इंधन शेजारच्या चरबीतून थेट येत नाही, ते साऱ्या शरीरातून रक्तामार्फत येते. टेनिस खेळणाऱ्यांचा खेळता हात वर्षानुवर्षे दुसऱ्यापेक्षा किती तरी जास्त राबतो, तरी १९७१ साली मोजले असता त्यांच्या दोन्ही हातांवरच्या त्वचेखालच्या चरबीची जाडी सारखीच आढळली. मालिश आणि घामाचे पट्टे यांनी पाणी हलते, चरबी नाही. बैठका मात्र जरूर काढा, पण त्या मांडीचे स्नायू कमावण्यासाठी. स्नायू वाढले आणि चरबी थोडी घटली तर टेपवरचा आकडा तोच राहू शकतो, तरीही ती मोठी सुधारणा असते.

एक अपवाद येथे नोंदवते. दोन्ही पाय सारखेच जाड असतील, दाबल्यावर दुखत असतील, जरा लागले तरी काळे-निळे होत असतील आणि पावले मात्र सडपातळ असतील, तर ती लिपिडेमा नावाची वेगळी अवस्था असू शकते. आहाराने ती फारशी कमी होत नाही, म्हणून अशी लक्षणे असल्यास डॉक्टरांना दाखवावे.

आतली चरबी घटवण्यासाठी मला सर्वांत भरवशाचा वाटतो तो धाप लागेल इतपत भरभर चालण्याचा नेम, कारण वजन जराही न उतरता केवळ व्यायामाने पोटातली चरबी कमी झाल्याचे अनेक अभ्यासांत दिसले आहे. त्याच्या जोडीला आठवड्यातून दोनदा वजनांचा व्यायाम, प्रत्येक जेवणात उसळ, घट्ट वरण, दही किंवा अंडी, भात-पोळीत थोडी कपात, आणि गोड पेये व मद्य यांना आवर. अपुरी झोपही पोटाकडे चरबी वाढवते. तुमच्या यजमानांनाही हे सांगा की लवकर उतरलेले पोट व्यायाम सुटल्यावर तितक्याच लवकर परत येते.

पत्राच्या शेवटी तुम्ही मांड्या कमी करण्यासाठी रात्रीचे जेवण बंद करण्याचा विचार लिहिला आहे, तो कृपया सोडून द्या. त्याने मांड्यांची चरबी आधी जाणार नाही. खाणे एकाएकी फार तोडले तर स्नायू झडतात, आणि फार वेगाने वजन उतरवल्यास पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो. महिन्याला दीड किलो हा तुमचा आताचा वेग उत्तम आहे. तो असाच ठेवा, कमरेचा घेर लिहून ठेवत जा, आणि सहा महिन्यांपूर्वीचे अहवाल जवळ असतील तर उपाशीपोटीची साखर व ट्रायग्लिसराइड पुन्हा तपासून दोन्ही आकडे शेजारी ठेवून पाहा. मांड्यांचे माप दोन महिन्यांतून एकदाच घ्या. वजन आणखी चार-पाच किलोंनी उतरले की तिथेही फरक पडू लागेल, पण किती पडेल हे पुष्कळसे तुमच्या आई-आजीकडून आलेल्या ठेवणीवर अवलंबून राहील.