वडील वारल्यावर त्यांच्या खासगी डायऱ्या, फोन आणि लॅपटॉपमधल्या फायलींचं काय करावं?

जाळू नका. धाकट्या भावाला आज रात्रीच फोन करून एवढं सांगा, मग पुढचं वाचा.

तुम्ही लिहिलंय की वडील जाऊन महिना झाला. पारोळ्याकडच्या घरात त्यांच्या तीसेक वर्षांच्या डायऱ्या, लॉक असलेला फोन आणि जुना लॅपटॉप आहे. भाऊ म्हणतो 'खासगी होतं, जाळून टाकू', बहिणीला कुणी विचारलेलं नाही, आणि हक्क कुणाचा ते तुम्हाला कळत नाही. हक्काचं खाली सांगतो. पण 'खासगी होतं म्हणून जाळलं' हे वाक्य आपल्याकडे इतक्या घरांत ऐकायला मिळतं की आधी तेच घेतो. खासगी होतं, तर वाचू नका. नष्ट करायला कुणी सांगितलं? आणि जाळायची घाई बहुतेक वेळा त्यालाच असते, ज्याला आपलं नाव आत सापडेल अशी धास्ती असते.

चोपडा तालुक्यातल्या एका घराचं सांगतो, नावगाव नको. घरातले मोठे निवृत्त प्राथमिक शिक्षक, रोज रात्री अर्धं पान लिहायचे. जिनिंगवाले आणि कृषी केंद्रवाले नव्या वर्षाला वाटतात त्याच रेक्झिनच्या डायऱ्या. गंधमुक्ती झाली, म्हणजे सुतक फिटलं, आणि दुसऱ्या दिवशी मुलांनी खोली रिकामी करायला घेतली. कपडे, अंथरूण-पांघरूण रीतीप्रमाणे गेलं. त्याच ढिगातून डायऱ्या निघाल्या. मोठा म्हणाला, "टाका चुल्हामा!" पाणी तापवायला त्याच जळाल्या.

काय गेलं ते नंतर एकेक करून कळत गेलं. सामाईक विहिरीवर कुणाची मोटर कोणत्या वारी चालायची आणि भाऊबंदांत ते कधी ठरलं, हे फक्त त्या पानांत होतं. मयत माणसाने हयातीत लिहून ठेवलेली नोंद काही परिस्थितीत कोर्टात पुराव्यात घेतली जाते, हे मुलांच्या गावीही नव्हतं. उसनवारीचे आकडे गेले. पावसाच्या नोंदी गेल्या. खेडा खरेदीत, म्हणजे व्यापारी गावात येऊन घेतात तेव्हा, कापसाला कोणत्या दिवशी काय भाव मिळाला, ते गेलं. आणि फोनचा पिन? आई म्हणाली, तो ते डायरीच्या शेवटच्या पानावर लिहायचे. त्या पिढीतली कितीतरी माणसं तेच करतात. म्हणजे चुलीत पासवर्डही गेले.

मग फोन बाजारात नेला. दुकानदार म्हणाला 'लॉक तोडून देतो'. हे वाक्य नीट समजून घ्या, कारण तुमच्याही भावाला ते ऐकवलं जाणार आहे. अलीकडच्या फोनमधला साठा कुलूपबंद लिपीत असतो आणि त्याची किल्ली पिनशी जोडलेली असते. दुकानात जे करतात ते लॉक तोडणं नसतं, फोन नव्यासारखा कोरा करणं असतं. फोटो, रेकॉर्डिंग, मेसेज सगळं पुसलं जातं. वर चालू केल्यावर तो आधीच्याच गूगल खात्याचा पासवर्ड मागतो, म्हणजे हाती फोनही राहत नाही. त्या घरात हेच झालं.

लॅपटॉपची गोष्ट याहून वाईट. गुरुजींनी गावाची आणि शाळेची बरीच माहिती श्री-लिपीत टाइप केली होती. फाइल उघडली की इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसायची. कुणीतरी 'व्हायरस आहे' म्हणालं, फॉरमॅट मारला, लॅपटॉप नातवाला दिला. तो व्हायरस नव्हता. युनिकोडच्या, म्हणजे आज सगळीकडे चालणाऱ्या अक्षरपद्धतीच्या, आधीच्या मराठी फॉन्टमध्ये मराठी अक्षर इंग्रजी अक्षराच्या जागेवर बसवलेलं असतं. तो फॉन्ट नसेल तर खालचं इंग्रजी अक्षर वर दिसतं. श्री-लिपी, आकृती, सी-डॅकचे 'डीव्ही'ने सुरू होणारे फॉन्ट, सगळ्यांचं हेच. तुमच्या वडिलांच्या लॅपटॉपवर असं काही दिसलं तर फाइल उघडून पुन्हा सेव्ह करू नका. आधी सगळ्या फायली जशाच्या तशा बाहेरच्या डिस्कवर घ्या. विंडोजमधलं फॉन्ट्स हे फोल्डरही सोबत कॉपी करा, कारण नेमका तो फॉन्ट पुढे मिळेलच असं नाही. त्याच लॅपटॉपवर मूळ फॉन्ट दिसत असताना प्रत्येक फाइलची पीडीएफ काढा. युनिकोडमध्ये बदलणं त्यानंतर. बदलताना ऱ्हस्व वेलांटी आणि रफार जागा सोडतात, जोडाक्षरं फुटतात, म्हणून पीडीएफ शेजारी ठेवून ओळ न् ओळ तपासावी लागते.

आता तुमच्या फोनचं. इथे मुदती आहेत, म्हणून डायऱ्यांआधी हे. सिम चालू ठेवा. प्रीपेड नंबर ९० दिवस वापरात नसला तर बंद होऊ शकतो आणि पुढे दुसऱ्या कुणाला दिला जातो. नंबर गेला की ओटीपीने उघडणारं प्रत्येक खातं तुमच्या हातून गेलं. लहानसं रिचार्ज मारा आणि मृत्यूचा दाखला घेऊन कंपनीच्या दुकानात नंबर वारसाच्या नावावर करायचा अर्ज द्या. व्हॉट्सॲपचं खातं १२० दिवस निष्क्रिय राहिलं की काढून टाकलं जातं. गूगलचं खातं २ वर्षं कुणी उघडलं नाही तर मजकुरासकट पुसलं जाऊ शकतं, आणि वडिलांचे फोटो बहुधा तिथेच असतील.

पिन अंदाजाने मारत बसू नका. चुका वाढतील तशी थांबायची वेळ वाढते, आणि आयफोनमध्ये तशी सेटिंग असेल तर १० चुकांनंतर सगळं पुसलं जातं. आधी डायऱ्यांची पहिली आणि शेवटची पानं, पासबुकाचं कव्हर, कॅलेंडरची मागची बाजू पाहा. मेमरी कार्ड असेल तर फोन बंद करून काढा. बहुतेक वेळा ते साध्या कार्ड रीडरवर उघडतं. फोन पूर्ण चार्ज करून मे महिन्यात पत्र्याच्या खोलीतल्या कपाटात ठेवलात तर बॅटरी फुगेल. अर्ध्या चार्जवर, थंड जागी ठेवा.

पिन सापडलाच नाही तर गूगलकडे मयत व्यक्तीच्या खात्यासाठी अर्ज करता येतो. पासवर्ड ते देत नाहीत. खातं बंद करून देतात, आणि काही परिस्थितीतच आतला मजकूर देतात. फेसबुकवर वडिलांनी वारसदार नेमला असेल तर तो पान सांभाळू शकतो, पण मेसेज वाचू शकत नाही. ॲपलमध्ये ५ जणांपर्यंत वारस नेमता येतात, मात्र त्यांच्याकडे त्या वेळी मिळालेली किल्ली आणि मृत्यूचा दाखला दोन्ही लागतात. एक गोष्ट स्पष्ट सांगतो: फोन उघडला म्हणून वडिलांच्या यूपीआयवरून पैसे काढू नका. बँकेचं काम बँकेत दाखला देऊन, नॉमिनीने किंवा वारसांनी. मृत्यूची नोंद २१ दिवसांत झाली नसेल तर ग्रामपंचायतीत आधी ते करा, नाहीतर पुढचं प्रत्येक काम अडेल.

हक्क. मृत्युपत्र नसेल तर हिंदू वारसा कायदा १९५६ प्रमाणे आई, तुम्ही, भाऊ आणि बहीण सगळे सारखे वारस. वडिलांची आई हयात असेल तर तीसुद्धा. डायऱ्या ही मालमत्ताच आहे, भावाच्या एकट्याच्या मर्जीने ती चुलीत जात नाही. बहिणीचा हिस्सा आईइतकाच, तुमच्याइतकाच, साडी देऊन तो मिटत नाही. दुसरा मुद्दा फारसा कुणाला माहीत नसतो: वहीचा कागद आणि त्यातलं लिखाण यांचे हक्क वेगळे आहेत. लिखाणाचा हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं वारसांकडे असतो. जे हयातीत छापलंच नाही आणि नंतर पहिल्यांदा प्रसिद्ध झालं, त्याची ६० वर्षं प्रसिद्धीच्या पुढच्या वर्षापासून मोजतात. मृत्युपत्रात 'माझ्या वह्या अमक्याला' एवढंच लिहिलं असेल, तर न छापलेल्या लिखाणाचा हक्कही त्यालाच गेला असं कायदा धरतो, उलट काही लिहिलेलं नसेल तर. वडिलांना आलेल्या पत्रांचं याहून निराळं. कागद तुमचा, पण मजकूर पाठवणाऱ्याचा. ती परस्पर छापू नका.

डायऱ्यांसाठी माझं मत असं: वर्षभर कुणीही वाचायच्या नाहीत. फक्त मोजायच्या, यादी करायची, आणि दोघा भावांच्या व बहिणीच्या सह्यांनी पेटी बंद करायची. पासवर्डसाठी पहिली-शेवटची पानं एकत्र बसून पाहा, मधली नको. दुःख ताजं असताना वाचलेली एक ओळ माणूस जन्मभर धरून बसतो. पेटी उघडायला आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, घ्या. वडिलांची घागर भरायला सगळे घरी असतात, बहीण माहेरी आलेली असते. तिच्याशिवाय उघडायची नाही.

तोवर कागद टिकवायचा आहे आणि धाब्याच्या घरात मातीच्या भिंतीतून उदई (वाळवी) येते. लोखंडी पेटी विटांवर ठेवा, भिंतीपासून वीतभर दूर. डायऱ्या मांजरपाटात गुंडाळा, पण ते आधी दोन-तीनदा गरम पाण्यात धुवा. नव्या कापडात खळ असते आणि कसर तिच्यावरच येते. डांबरगोळ्या कागदाला लागू देऊ नका. कडुनिंबाचा पाला घालायचा तर खडखडीत वाळलेला, ओल्या पाल्याने बुरशी धरते. रेक्झिनचं कव्हर उन्हाळ्यात शाईला चिकटतं, मध्ये कोरा पांढरा कागद घाला. गंजलेल्या टाचण्या काढा. सेलोटेप आणि लॅमिनेशन नको म्हणजे नको, ते परत निघत नाही. पावसात भिजलं तर उन्हात टाकू नका, पानं आकसून चिकटतात. सावलीत, पंख्याखाली, पानांमध्ये टिपकागद घालून वाळवा आणि तो बदलत राहा. दोन दिवसांत वाळत नसेल तर प्लास्टिकच्या पिशवीत बांधून फ्रीजरमध्ये ठेवा. बुरशी थांबते, वाळवायला वेळ मिळतो.

पेटी उघडल्यावर स्कॅन करा: ३०० डीपीआय (स्कॅनरमधली बारकाईची सेटिंग), पेन्सिलीचं असेल तर ४००. मोबाइलने करायचं तर फ्लॅश बंद, खिडकीचा उजेड, एका फोटोत एक पान. फाइलला '१९९४-०६-पान-१२' असं नाव द्या, म्हणजे क्रम आपोआप लागतो. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलात तर तो दाबला जाऊन अक्षर फुटतं, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. तीन प्रती ठेवा आणि त्यातली एक दुसऱ्या गावात, बहिणीकडे. पेनड्राइव्ह कपाटात टाकून वर्षानुवर्षं विसरायची वस्तू नाही. आणि स्कॅन झालं म्हणून मूळ वह्या रद्दीत घालणाऱ्यांचं मला अजिबात पटत नाही. शाई, खाडाखोड, पानात ठेवलेली पावती हे स्कॅनमध्ये अर्धंच येतं.

'आपल्या बापाच्या वहीत असं काय असणार' हेही भाऊ म्हणेल. इतिहासाचार्य राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात वारले. गावोगावच्या घरांतून त्यांनी जमवलेले कागद सांभाळायला धुळ्याच्या लोकांनी पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाने संशोधन मंडळ उभं केलं. त्या दप्तरांत राजे-सरदारांइतकीच कुळकर्णी-देशमुखांच्या घरची साधी टिपणं आहेत, आणि इतिहास त्यातूनच लिहिला गेला. बाईच्या वहीला तर घरात कागदही समजत नाहीत. बहिणाबाईंना लिहिता येत नव्हतं. मुलाने, सोपानदेवांनी, आणि एका नातलगाने ऐकून उतरवून ठेवलं, म्हणून १९५१ मध्ये त्या गेल्यावर १९५२ मध्ये ते छापता आलं. आईची एखादी ओव्यांची किंवा हिशेबाची वही असेल तर तीही त्याच पेटीत घाला.

संस्थेला द्यायचं ठरलं तर आधी विचारा, सगळ्या संस्था सगळं घेत नाहीत. देताना यादी जोडून लेखी द्या. अमुक वर्षांपर्यंत कुणाला दाखवू नये अशी अट त्यात घालता येते. दुसऱ्या घरातल्या मुलीबाळींविषयी, आजारपणाविषयी काही असेल तर ती अट घालाच.

दोन गोष्टी राहिल्या. जमिनीचा किंवा विहिरीचा दावा चालू असेल तर पानाला हात लावण्याआधी वकिलाला दाखवा, मी वकील नाही. आणि वडिलांनी स्वतःच्या अक्षरात 'माझ्यामागे न वाचता जाळा' असं लिहून ठेवलेलं सापडलं, तर वरचं सगळं बाजूला ठेवा आणि तिघांनी मिळून, न वाचता जाळा. पण ते त्यांच्या अक्षरात असलं पाहिजे. 'बाबा एकदा म्हणाले होते' एवढ्यावर नाही.