जुनी ऑडी क्यू७ (३.० टीडीआय) घ्यावी का? काय टिकतं आणि काय खर्चात पाडतं

तुम्ही विचारलंय की २०१३ ची ऑडी क्यू७ ३.० टीडीआय, दिल्ली पासिंग, मीटरवर ९० हजार, नाशिकचा डीलर १२ लाख सांगतोय, तर ही गाडी टिकाऊ असते का आणि फॉर्च्युनरच्या ऐवजी घेतली तर चालेल का.

माझा मित्र पुण्यात युरोपियन गाड्यांचं गॅरेज चालवतो, सुट्टीच्या दिवशी मी तिथेच पडीक असतो आणि कोणी सेकंड हँड गाडी घेणार असेल तर आम्ही बघायला जातो, त्यामुळे या पिढीच्या क्यू७ रॅम्पवर चढलेल्या बऱ्याच बघितल्यात. सरळ सांगतो, गाडी टिकाऊ आहे, पण तुम्ही तिला १२ लाखाची गाडी समजून घेणार असाल तर घेऊ नका. नवी होती तेव्हा साठ-सत्तर लाखांची होती आणि तिचे पार्ट आजही साठ-सत्तर लाखांच्या गाडीचेच आहेत, ते काही तुमच्याबरोबर सेकंड हँड झालेले नाहीत.

आधी चांगलं सांगतो. ही पहिली पिढी, २००६ ते २०१५. खालचा सांगाडा फोक्सवॅगन टूरेग आणि पोर्शे कायेनच्याच घरातला, म्हणजे जड पण मजबूत. ३ लिटरचं व्ही६ डिझेल इंजिन, ब्लॉक लोखंडी, आणि ऑइल वेळेवर बदललेलं असेल तर हे इंजिन आतून सहसा त्रास देत नाही, परदेशात या इंजिनाच्या गाड्या तीन-तीन लाख किलोमीटर गेलेल्या आहेत. २०१३ ची म्हणजे ८ गिअरचा ऑटोमॅटिक असणार, तो आयसिन या जपानी कंपनीचा आहे, आधीच्या ६ गिअरवाल्यापेक्षा बरा. क्वाट्रो सिस्टीम, म्हणजे चारही चाकांना ताकद देणारी यंत्रणा, कायम चालू असते, पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणारा मधला डिफरन्शियल मेकॅनिकल आहे त्यामुळे त्यात सेन्सर-बिन्सरची भानगड कमी. बॉडीला गंज धरत नाही म्हटलं तरी चालेल, कोकणात वापरलेल्या गाड्यासुद्धा खालून स्वच्छ निघतात. १०० लिटरची टाकी, हायवेला बसलात की उतरावंसं वाटत नाही. हे सगळं खरंय.

आता दुखणी. इंजिन आणि गिअरबॉक्स तगतात, बाकीचं त्यांच्या आजूबाजूचं असतं ते खिसा कापतं. सगळ्यात आधी टायमिंग चेन, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडबंद करवणारी साखळी. या इंजिनाला बेल्ट नाही, चेन आहे, आणि ती इंजिनाच्या मागच्या बाजूला, गिअरबॉक्सकडे बसवलेली आहे. चेन तुटत नाही सहसा, तिला ताणून धरणारे टेन्शनर आणि गाइड झिजतात, मग सकाळी गार इंजिन चालू केलं की मागून दोन-तीन सेकंद खडखड येते आणि जाते. डीलर म्हणेल डिझेल आहे, आवाज येणारच. पण ते काम करायचं तर इंजिन किंवा गिअरबॉक्स उतरवावा लागतो, पार्टपेक्षा मजुरी जास्त होते. म्हणून गाडी बघायला जाताना आधी फोन करून सांगायचं की चालू करून ठेवू नका, आणि गेल्या गेल्या बॉनेटला हात लावायचा. कोमट लागलं तर चहा प्यायला निघून जायचं किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी परत यायचं, पण गार स्टार्ट ऐकल्याशिवाय टोकन द्यायचं नाही.

दुसरं एअर सस्पेन्शन, म्हणजे स्प्रिंगच्या जागी हवेच्या रबरी बॅगा. सगळ्या क्यू७ ला नसतं, तुम्ही बघताय तिला आहे का ते आधी विचारा, स्क्रीनवर गाडी वरखाली करायचा मेनू दिसतो. एअर बॅगचं रबर वयानुसार चिरतं, अगदी बारीक हवा जाते, आणि कॉम्प्रेसर ती भरून काढायला सारखा चालत राहतो आणि शेवटी तो जळतो, म्हणजे बिघाड रबराचा आणि बिल दोन्हीचं. बघायचं कसं, तर गाडी सर्वात वरच्या लेव्हलला नेऊन बंद करायची, चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेपने चारही बाजू मोजून कागदावर लिहायच्या आणि रात्रभर तशीच उभी ठेवायला सांगायची. सकाळी एक कोपरा बसलेला असेल तर तिथेच गळती. डीलर रात्रभर ठेवायला तयार नसेल तर तेही उत्तरच आहे. बाहेरच्या कंपनीच्या बॅगा मिळतात, कुर्ल्याच्या सीएसटी रोडला आणि दिल्लीत मायापुरीला जुन्याही मिळतात, पण जुनी रबराची बॅग घेऊ नका राव, तिचं वय तुमच्या गाडीएवढंच असतं.

आणि तिसरं, ज्याकडे कोणी बघत नाही, ते पाणी. मोठं काचेचं पॅनोरामिक छत असेल तर त्याच्या चारही कोपऱ्यांतून पाणी खाली नेणाऱ्या बारीक नळ्या असतात. गाडी झाडाखाली उभी असली की पानं, फुलं, माती त्यात जाते, नळी तुंबते, आणि आपल्याकडच्या जुलैतलं पाणी मग बाहेर न जाता आत कार्पेटखाली उतरतं. वरून कार्पेट कोरडं दिसतं कारण खाली जाड फोम आहे, तो स्पंजसारखा पाणी धरून ठेवतो, आणि त्याच भागात वायरिंगचे जोड आहेत, बॅटरीसुद्धा पुढच्या सीटखाली आहे. मग कधी आरसे बंद पडतात, कधी सेंट्रल लॉक वेडं होतं, कधी रात्रीत बॅटरी उतरते, आणि लोक म्हणतात जर्मन गाड्यांचं इलेक्ट्रिकल वाईट. तुम्ही फ्लोअर मॅट काढून कार्पेटमध्ये अंगठा जोरात दाबा, चारही बाजूला, आणि नाक खाली नेऊन वास घ्या. ओल्या गोणपाटासारखा वास आला आणि वर परफ्यूम मारलेला असला तर समजून जा. नंतर छत उघडून कोपऱ्यातल्या खाचेत हळूहळू अर्धी बाटली पाणी ओतायचं, ते गाडीखाली रस्त्यावर टपकायला पाहिजे.

बाकी मग किरकोळ, म्हणजे या गाडीच्या मानाने किरकोळ. इंजिनात हवा नेणाऱ्या इनटेक मॅनिफोल्डच्या फ्लॅपची मोटर जाते आणि इंजिनचा दिवा लागतो, थोडा धूर परत इंजिनात सोडणारा ईजीआर व्हॉल्व्ह काजळीने भरतो, विशेषतः गाडी फक्त गावात फिरवलेली असेल तर. चाकाला खालून धरणाऱ्या लोअर आर्मचे रबरी बुश आपल्या रस्त्यांवर लवकर जातात. गाडी सव्वादोन टनाच्या वर आहे त्यामुळे ब्रेक पॅड आणि टायर झपाझप खाते, २० इंची रिम असेल तर टायरचा भाव आधी विचारून घ्या, चार टायरची वेळ आलेली असेल तर तो सौदा करताना तुमच्या बाजूचा मुद्दा आहे. गिअरबॉक्सचं ऑइल आयुष्यभर चालतं असं पूर्वी सांगायचे, ऐकू नका, ६०-८० हजार किलोमीटरला बदललेलं असेल तर उत्तम, नसेल तर घेतल्यावर पहिलं काम ते. आणि इंजिन ऑइल कंपनी १५ हजार किलोमीटरला बदला म्हणते, मी १० हजारालाच बदला म्हणेन.

मीटरवरच्या ९० हजारावर विश्वास कसा ठेवायचा? मीटर मागे फिरवणं आता पाच मिनिटांचं काम आहे. पण फोक्सवॅगन ग्रुपच्या गाड्यांत स्कॅनर लावला की बऱ्याच एररबरोबर ती कितव्या किलोमीटरला आली तेही लिहिलेलं दिसतं. एका गाडीत मीटर ८४ हजार दाखवत होतं आणि सस्पेन्शनच्या मॉड्यूलमध्ये एरर पडली होती १ लाख ३८ हजाराला. डीलर शांतपणे म्हणाला, सर, ते सॉफ्टवेअर अपडेटमुळे असं दाखवतं. आमचा स्कॅनर डब्यात, आम्ही गाडीत. म्हणून एररची प्रिंट घ्या, कोणालाही आधी एरर पुसू देऊ नका, सगळे एरर पुसलेले कोरे निघाले तर तोही संशयच. शिवाय सर्व्हिस हिस्ट्री चासी नंबरवरून काढून घ्यायची, डीलरने व्हॉट्सअॅपवर पाठवलेला फोटो धरायचा नाही.

आता दिल्ली पासिंगचं. तिथे १० वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर हरित लवादाने २०१५ मध्ये बंदी घातली, सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये ती कायम केली, तेव्हापासून अशा गाड्या स्वस्तात आपल्याकडे येऊ लागल्या, त्यात वावगं काही नाही. पण १२ लाखात महाराष्ट्राचा रोड टॅक्स आहे का हे लेखी विचारा. तिथल्या आरटीओची एनओसी म्हणजे फॉर्म २८, ट्रान्सफरचे फॉर्म २९ आणि ३०, बँकेचा बोजा असेल तर फॉर्म ३५, हे सगळं हातात नसताना "सर, एजंट करून देईल" याला अर्थ नाही. दुसऱ्या राज्याची गाडी १२ महिन्यांच्या वर इथे ठेवायची तर इथला नंबर घ्यावाच लागतो. आणि २०१३ ची गाडी २०२८ ला १५ वर्षांची होते, म्हणजे फिटनेस आणि नूतनीकरण आलं, तेव्हा विकायला काढलीत तर कोण घेईल याचाही विचार करा.

फॉर्च्युनरशी तुलना केलीत म्हणून, नाशिकहून रोज सिन्नर-संगमनेर करायचं असेल, घरात ही एकच गाडी असेल आणि एखादा पार्ट यायला दोन आठवडे लागले तर काम अडणार असेल तर फॉर्च्युनरच घ्या, डोळे झाकून. घरात दुसरी गाडी आहे, वर्षाला दहा-बारा हजारच चालवायची आहे, जवळपास या गाड्यांचं काम येणारा स्वतंत्र मेकॅनिक आहे आणि १२ लाखाशिवाय वेगळे तीन लाख बाजूला ठेवता येतायत, तर क्यू७ घ्या. पण तीन लाख खरंच बाजूला, म्युझिक सिस्टीम आणि सीट कव्हरला नाही. गाडी बघायला जाल तेव्हा रॅम्पवर चढवू देणार का हे फोनवरच विचारा, नाही म्हणाला तर तिथपर्यंत जायचं पेट्रोलही जाळू नका, आणि स्कॅनची प्रिंट मिळाली की इथे कमेंटमध्ये टाका, बघून सांगतो.