सर्व्हर कक्षाचे तापमान राखण्यासाठी कोणती नियंत्रण पद्धत निवडावी?

सहा रॅकच्या कक्षासाठी साधे चालू-बंद नियंत्रण पुरेल, की पीआयडी (तापमानातला फरक, त्या फरकाची साचत जाणारी बेरीज आणि त्याचा बदलण्याचा वेग या तिन्हींवरून चालणारे नियंत्रण) किंवा फझी लॉजिक ('थोडे गरम', 'फार गरम' अशा ढोबळ नियमांवर चालणारे नियंत्रण) घ्यावे, असे आपण विचारले आहे. माझा कौल पीआयला, म्हणजे डेरिव्हेटिव्ह (बदलाच्या वेगाचा भाग) वगळलेल्या पीआयडीला आहे. मात्र त्याआधी आपला एसी कोणत्या जातीचा आहे ते पाहावे.

कॉम्प्रेसर एकाच वेगाने चालणारा असेल, तर चालू-बंद हाच मार्ग उरतो आणि सुरू होण्याच्या आणि बंद होण्याच्या तापमानांमधले अंतर पुरेसे ठेवणे हेच खरे काम ठरते. मी सांभाळत असलेल्या एका कक्षात ते अंतर अर्धा अंश होते, त्यामुळे कॉम्प्रेसर दर तीन-चार मिनिटांनी धडधडत सुरू होई. ते दोन अंश केले आणि एकदा बंद झाल्यावर पाच मिनिटे सुरू होऊ नये अशी अट घातली, तेव्हा तो शांत झाला.

पंख्यांचा वेग बदलता येत असेल, तर मात्र पीआय अवश्य घ्यावे. पंख्याला लागणारी वीज साधारणपणे वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते, म्हणजे वेग 80 टक्क्यांवर आणला की वीज जवळजवळ निम्मी होते, आणि चालू-बंद पद्धतीत ही बचत हातची जाते. डेरिव्हेटिव्ह मी टाळतो, कारण एकेक अंशाच्या टप्प्याने वाचन देणाऱ्या सेन्सरची प्रत्येक उडी त्याला एकदम झालेली तापमानवाढ वाटते आणि पंखा उगाच उसळतो. पीआयडीचे गुणांक (प्रत्येक भागाला किती वजन द्यायचे ते आकडे) ठरवण्याच्या झिगलर आणि निकोल्स यांच्या 1942 सालच्या प्रसिद्ध पद्धतींपैकी एकीत यंत्रणेला मुद्दाम हेलकावे खाऊ द्यावे लागतात. चालू सर्व्हरवर तो प्रयोग कृपया करू नये. पंख्याचा वेग थोडा बदलून तापमान किती वेळाने आणि किती हलते ते नोंदवावे व त्यावरून गुणांक ठरवावेत.

इंटिग्रलला, म्हणजे फरकाच्या साचत जाणाऱ्या बेरजेला, मर्यादा घालायला विसरू नये. आमच्याकडे एकदा एसी वीस मिनिटे बंद पडला. तेवढ्यात इंटिग्रल इतका साचला की एसी परत आल्यावर कक्ष थंडगार झाला, तरी पंखे बराच वेळ पूर्ण वेगाने फिरत राहिले.

फझी लॉजिकचे नियम बसवण्यात जो वेळ जातो, त्याचे सहा रॅकमध्ये चीज होत नाही. गूगलने 2016 मध्ये आपल्या डीपमाइंड या एआय कंपनीच्या मशीन लर्निंगने (जुन्या नोंदींवरून शिकणाऱ्या संगणकीय पद्धतीने) शीतकरणाची ऊर्जा 40 टक्क्यांपर्यंत घटल्याचे जाहीर केले होते, पण त्यामागे हजारो सेन्सरांच्या जुन्या नोंदी होत्या.

सेन्सर रॅकच्या पुढच्या बाजूला, शक्यतो वरच्या सर्व्हरजवळ लावावा. अॅश्रे या वातानुकूलन अभियंत्यांच्या अमेरिकी संस्थेने शिफारस केलेली 18 ते 27 अंशांची मर्यादा सर्व्हरमध्ये शिरणाऱ्या हवेसाठी आहे, एसीकडे परतणाऱ्या हवेसाठी नाही.