भाड्याच्या घरात मालकाने काम काढलं, तर नंतरची धूळ कोणी साफ करायची?

मालकाने. काम ज्याने काढलं, धूळ त्याची.

तुमचे मालक म्हणतात ना, "राडारोडा मी उचलला, आता झाडलोट तुमची"? हेच वाक्य मी ऐकून घेतलंय, म्हणून लिहायला बसले.

आमच्या बाथरूमचं पाणी खालच्या घरात झिरपत होतं. मालकांनी टाइल्स फोडून नव्या बसवायचं ठरवलं. चार दिवसांचं काम म्हणाले, लागले अकरा. मिस्त्री टाइल कटर हॉलमध्ये लावायचा, कारण तिथे उजेड होता. पाणी न मारता, कोरडंच कापायचा. मग पॅसेजच्या भिंतीला पुट्टी भरून ती घासली. सासूबाईंना दमा आहे. त्यांना आतल्या खोलीत बसवून दाराच्या फटीत ओली चादर कोंबली, तरी रात्री दोनदा पंप घ्यावा लागला.

काम संपल्यावर पोतीभर तुकडे गेले आणि मालकांच्या लेखी विषय मिटला. पुढचे नऊ दिवस मी पुसत होते. पहिल्या दिवशी झाडू मारला तो चुकलाच. ही धूळ झाडूने निघत नाही, उडते, तासन्‌तास हवेत राहते आणि पुन्हा त्याच फळीवर येऊन बसते. साध्या व्हॅक्यूम क्लीनरमधून तर बारीक कण मागच्या बाजूने परत खोलीत येतात; त्याला हेपा फिल्टर लागतो, जो ०.३ मायक्रॉनचे कणसुद्धा ९९.९७ टक्के अडवतो. ओल्या फडक्याने वरून खाली पुसायचं, पाणी सारखं बदलायचं, एक रात्र जाऊ द्यायची आणि परत पुसायचं. पंख्याची पाती, एसीची जाळी, भांड्यांचा रॅक, पुस्तकांच्या कडा. याला झाडलोट म्हणतात का? रंगाऱ्याने फरशीवर रंग सांडून ठेवला तर काम अपुरं म्हणता, मग भिंत घासून घरभर पीठ उडवलं तर काम पूर्ण कसं?

"पण राहता तुम्ही," असं मालकांचं उत्तर होतं. राहतो म्हणूनच भाडं देतो. त्या अकरा दिवसांत अर्धं घर वापरता येत नव्हतं, भाडं मात्र पूर्ण दिलं.

घर सोडताना त्यांनी खिडकीच्या स्लायडिंग ट्रॅकमधला घट्ट बसलेला पांढरा थर दाखवला आणि साफसफाईचे पैसे डिपॉझिटमधून कापले. त्यांच्याच पुट्टीचा थर! नवरा म्हणाला, एवढ्याशासाठी कशाला वाद, जाऊ दे. आजही म्हणतो. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं आणि आजही पटत नाही. रक्कम लहान होती, पण कापण्याचा हक्क त्यांना नव्हता. माझ्याकडे कामाच्या आधीचे फोटो नव्हते, एवढीच माझी बाजू लंगडी पडली.

तेव्हा तुम्ही आधीचे आणि नंतरचे फोटो काढा, ट्रॅकचेसुद्धा. कापाकापी कुठे होणार आणि शेवटची साफसफाई कोण करणार, हे मालकांकडून मेसेजवर लिहून घ्या.

हां, तुमच्या हौसेने भिंत रंगवून घेतली असेल तर ती धूळ तुमचीच. भाडेकरारात दुरुस्तीनंतरची सफाई भाडेकरूकडे असं लिहिलं असेल तर आधी ते वाचा, कारण सही तुमची आहे. आणि टाइल-सिमेंटच्या धुळीत सिलिका असते, कामाच्या जागी श्वासातून जाणारी ही धूळ १९९७ पासून कर्करोगकारकांच्या यादीत आहे. पण ती भीती मुख्यतः वर्षानुवर्षं कटर चालवणाऱ्या मिस्त्रीला, थोड्या दिवसांच्या कामाने तुम्ही घाबरून जाऊ नका. त्याला मास्क लावायला आणि पाणी मारून कापायला मात्र सांगा.

मिस्त्रीचा हिशेब चुकता व्हायच्या आत मालकांना घरी बोलवा आणि त्यांच्यासमोर पंख्याच्या पात्यावरून बोट फिरवून दाखवा. आम्ही बोलावलं तोवर मिस्त्री पैसे घेऊन गेला होता.