करंट लागला आणि ‘काही झालं नाही’ : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी घरातला पंखा उतरवत होतो. बोर्डावरचा स्विच बंद होता, पंखा पण थांबलेला होता, तरी वायर सोडवताना जबरदस्त झटका बसला. स्विच बंद असताना करंट आला कुठून?

उत्तर : आला नाही, तो तिथेच होता. स्विच फेजच्या (करंट घेऊन येणाऱ्या) वायरमधे लावायचा असतो, न्यूट्रल म्हणजे करंट परत नेणारी वायर. वायरिंग करणाऱ्याकडून फेज आणि न्यूट्रलची अदलाबदल झाली असेल तर स्विच न्यूट्रल तोडतो, मग पंखा बंद तर पडतो पण फेज पार पंख्याच्या वाइंडिंगपर्यंत येऊन उभी असते, तुम्ही हात लावलात की सर्किट तुमच्या अंगातून पूर्ण होतं.

मी शिकाऊ होतो तेव्हा हेच माझ्यासोबत झालंय, म्हणून जरा सविस्तर सांगतो. लोखंडी शिडीवर उभा होतो, दिवसभर काम करून घामाने भिजलेलो, डावा हात शिडीवर आणि उजव्या हातात होल्डरची वायर. स्विच मी स्वतःच बंद केला होता. वायरच्या उघड्या टोकाला बोट लागलं आणि हाताची मूठ आपोआप वळली. मला सगळं समजत होतं, सोड सोड म्हणून मी मनातल्या मनात ओरडत होतो, पण मूठ उघडत नव्हती, छाती आवळल्यासारखी झालेली आणि तोंडातून आवाज निघत नव्हता. शिडी सरकली, मी खाली पडलो, त्या धक्क्याने वायर सुटली. मनगट मोडलं, जीव वाचला. नंतर सगळे म्हणाले करंटने फेकून दिलं, पण मला फेकलं ते शिडीने.

करंट माणसाला ‘ओढून धरतो’ असं आपण म्हणतो ना, ते ओढणं वगैरे काही नसतं. एसी करंट (घरात येतो तो, सतत दिशा बदलणारा) स्नायूंना सेकंदाला 50-60 वेळा झटके देत राहतो त्यामुळे स्नायू आवळलेलेच राहतात, आणि हाताची मूठ मिटवणारे स्नायू ती उघडणाऱ्या स्नायूंपेक्षा जास्त ताकदीचे असतात, म्हणून हात चिकटतो. साधारण 1 मिलिअँपिअरला (अँपिअरचा हजारावा भाग) झिणझिण्या जाणवतात, 10 च्या पुढे गेलं की बऱ्याच जणांना हात सोडवता येत नाही, 30 च्या आसपास श्वास घेणं अवघड होतं, आणि 50 ते 100 एवढा करंट छातीतून सेकंदभर जरी गेला तरी हृदयाची लय बिघडून ते नुसतं थरथरत राहू शकतं, रक्त पुढे ढकलतच नाही. आता हिशोब करा, ओल्या अंगाचा रेझिस्टन्स (करंटला होणारा अडथळा) 1000 ओहमच्या आसपास येतो, 230 व्होल्टला 1000 ने भागलं तर 230 मिलिअँपिअर. कोरड्या त्वचेचा रेझिस्टन्स याच्या कितीतरी पट असतो. त्यामुळे काल ‘नुसती झिणझिणी’ आली तीच वायर उद्या घामट हाताने धरली तर माणूस जाऊ शकतो, वायर तीच आणि व्होल्टेज पण तेच.

तर पंखा असो की बल्बचा होल्डर, बोर्डावरच्या स्विचवर विसंबू नका. मेन स्विच पाडा, तिथे चिठ्ठी लावा आणि घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा, कारण आपण शिडीवर असताना कोणीतरी ‘लाइट का गेली’ म्हणून मेन चालू करतं, हे मी दोनदा अनुभवलंय. नंतर टेस्टर किंवा मीटर आधी चालू असलेल्या पॉइंटवर लावून तो नीट चालतोय का बघा, मग ज्या वायरींवर काम करायचंय तिथे लावा, आणि शेवटी परत त्या चालू पॉइंटवर. (मेन पाडल्यावर चालू पॉइंट कुठून आणायचा असं विचाराल, तर मेनच्या आधीच्या बाजूला सप्लाय असतोच, पण तिथे हात घालण्याचा सराव नसेल तर बॅटरीवर चालणारा, स्वतःची तपासणी करणारा टेस्टर घ्या.) नुसत्या निऑनच्या टेस्टरवर माझा तरी विश्वास नाही, भर उजेडात तो पेटलेला दिसतच नाही.

प्रश्न : आमच्या वॉशिंग मशीनला हात लावला की मुंग्या येतात. घरचे म्हणतात चपला घाल, काही होत नाही.

उत्तर : होतं! चपला घातल्याने मशीनमधला दोष जात नाही, फक्त तुम्हाला कळायचा बंद होतो. दोनपैकी एक गोष्ट असते. बऱ्याच उपकरणांच्या आत फिल्टरचे कपॅसिटर (चार्ज साठवणारे भाग) बसवलेले असतात, त्यातून अगदी थोडा करंट बॉडीवर येतो, अर्थिंग व्यवस्थित असेल तर तो जमिनीत निघून जातो आणि तुम्हाला काही जाणवत नाही, म्हणजे मुंग्या येताहेत तर अर्थिंग तुटलंय. दुसरी शक्यता जास्त वाईट, आतल्या वायरचं इन्सुलेशन गेलंय आणि फेज बॉडीला टेकतेय. यातलं काय झालंय ते बाहेरून सांगता येत नाही, म्हणून मशीन आजच बंद करा (प्लग काढून, नुसता स्विच नाही), आणि मशीन व सॉकेटचं अर्थिंग दोन्ही तपासून घ्या. तीन पिनचा प्लग कापून दोन पिनचा लावलेला असेल तर तो आधी बदला. ओला हात, ओली फरशी आणि वॉशिंग मशीन, सगळं एकाच ठिकाणी असतं म्हणून इतकं ठासून सांगतोय.

प्रश्न : जुन्या कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय उघडला, प्लग काढलेला होता तरी झटका बसला. मला इलेक्ट्रॉनिक्सची आवड आहे, असं का झालं?

उत्तर : आवड आहे हे वाचून बरं वाटलं, ती सोडू नका. आत जे मोठे गोल कपॅसिटर दिसतात त्यात 230 व्होल्टच्या सप्लायवर साधारण 325 व्होल्ट डीसी (एकाच दिशेचं) साठतं, आणि प्लग काढला तरी ते राहू शकतं. चार्ज हळूहळू उतरवायला एक रेझिस्टर दिलेला असतो, पण तोच जळालेला असेल तर चार्ज कितीतरी वेळ तसाच पडून राहतो, आणि बंद पडलेला सप्लायच आपण उघडतो ना. स्क्रू ड्रायव्हर आडवा लावून शॉर्ट करू नका, ठिणगी उडते, डोळ्यात धातूचा कण जाऊ शकतो. काही किलोओहमचा, पाचेक वॅटचा रेझिस्टर इन्सुलेटेड क्लिपांना जोडून तो कपॅसिटरच्या दोन टोकांवर थोडा वेळ धरा, मग मीटरने मोजा, शून्याजवळ आल्याशिवाय बोट नाही. एक हात शक्यतो मागे ठेवायची सवय लावून घ्या, एका हातातून दुसऱ्या हातात जाणारा करंट छातीतून जातो.

मायक्रोवेव्ह मात्र उघडू नका. तिथे 2000 व्होल्टच्या वर असतं आणि घरातला आरसीसीबी (करंट गळला की सप्लाय तोडणारा स्विच) पण त्या शॉकला ट्रिप होत नाही, कारण तो करंट आतल्या ट्रान्सफॉर्मरमधेच फिरून परत जातो.

प्रश्न : एमसीबी असताना आरसीसीबी कशाला?

उत्तर : एमसीबी (करंट मर्यादेबाहेर गेला की पडणारा स्विच) वायरसाठी आहे, माणसासाठी नाही. 16 अँपिअरचा एमसीबी पडायला 16 अँपिअरच्या वर करंट लागतो, माणूस त्याच्या शंभराव्या भागात जातो. आरसीसीबी गेलेला आणि परत आलेला करंट जुळतो का बघतो, 30 मिलिअँपिअरचा फरक पडला की तोडतो. टेस्टचं बटण अधूनमधून दाबत जा. पण एका हातात फेज आणि दुसऱ्या हातात न्यूट्रल धरलं तर त्याला फरक दिसत नाही, तो गप्प बसतो.

प्रश्न : भाऊ ड्रिल मशीनला चिकटला, मी धावत जाऊन त्याला ओढलं तर मलाही बसला. मग बायकोने मेन पाडला. भाऊ आता ठीक आहे, फक्त हात दुखतो आणि छातीत मधेच धडधड होते म्हणतो. दवाखान्यात न्यायची गरज आहे का?

उत्तर : आहे, लगेच. करंट आतून भाजतो, बाहेर दाण्याएवढा काळा डाग आणि आत स्नायू जळालेला असं होतं. धडधड म्हणजे ईसीजी काढायलाच पाहिजे, आणि डॉक्टरांना करंट लागलाय हे स्पष्ट सांगा, किती वेळ चिकटला होता तेही. तुम्हीही तपासून घ्या.

वहिनींनी केलं तेच बरोबर होतं, आधी सप्लाय तोडायचा. मेन सापडतच नसेल तर कोरड्या जागी उभं राहून कोरड्या लाकडी काठीने वायर बाजूला ढकलायची, हाताने ओढायचं नाही (जाड हाय व्होल्टेज लाइन असेल तर काठीनेही नाही, लांब थांबून वीज कंपनीला कळवायचं). माणूस सुटल्यावर शुद्धीत नाही आणि नीट श्वास घेत नाही असं दिसलं तर अ‍ॅम्ब्युलन्सला फोन करायला लावून छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी दाबायला सुरुवात करायची, 5 ते 6 सेंटीमीटर खोल, मिनिटाला 100 ते 120 वेळा, मदत येईपर्यंत. जवळपास एईडी मशीन (हृदयाची लय परत आणायला शॉक देणारं) असेल तर ते आणायला एकाला पळवायचं.

अंक छापून येईपर्यंत उशीर होईल म्हणून तुमचं पत्र मिळालं त्याच दिवशी तुम्हाला फोन करून हे सांगितलंय. ईसीजीचं काय निघालं ते कळवा.